अवर्षण आणि दुष्काळ यांतील अंतर

पाऊस पडला नाही म्हणजे दुष्काळ पडला, असे आपण सहज बोलून जातो. बोलण्यापुरते ते ठीक आहे. परंतु ज्यांना गावात राहून काम करावयाचे आहे, त्यांनी या दोन गोष्टी निराळ्या समजून घेतल्या पाहिजेत. अवर्षण ही आभाळाची गोष्ट आहे. दुष्काळ ही त्यानंतर जमिनीवर, बाजारात आणि घराघरांतून घडत जाणारी गोष्ट आहे. अवर्षण टाळणे कोणाच्या हाती नाही. दुष्काळ टाळणे मात्र पुष्कळ अंशी हाती आहे, आणि तो टाळला गेल्याचे उदाहरण याच महाराष्ट्रात घडलेले आहे.

हा विषय पुस्तकातून शिकण्यापेक्षा हडपसरच्या भूमीवर उभे राहून शिकणे अधिक सोपे जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुबलक पडतो. तेथून पूर्वेकडे येताना तो झपाट्याने कमी होत जातो. पुण्यास वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस मिळतो, आणि दौंड व इंदापूरकडे जावे तसतसा त्याहूनही कमी. हा सर्व पर्जन्यछायेचा प्रदेश होय. हडपसर या उताराच्या तोंडाशी आहे. गेल्या काही दशकांत येथील मळ्यांच्या जागी वसाहती आणि कारखाने उभे राहिले आणि हडपसर पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. परंतु त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे येथे ऊस आणि भाजीपाला पिकत होता, तो मुठा कालव्याच्या पाण्यावर. एकोणिसाव्या शतकात फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेतून खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसर, लोणी या बाजूने पूर्वेकडे नेण्यात आले.

कालव्याचे पाणी उताराने वाहते, चढ चढत नाही. म्हणून कालव्याच्या खालच्या अंगास मळे झाले आणि वरच्या अंगास जिराईत राहिली. हडपसरहून सासवडच्या रस्त्याने निघून दिवे घाट चढला की पुरंदरचे पठार लागते. अंतर थोडे, पण तेथील शेतकऱ्याचे जीवन मात्र सर्वस्वी निराळे. पावसाने ताण दिला की घाटाखालचा मळा तग धरतो आणि घाटावरच्या गावातील माणसे पोटासाठी बाहेर पडतात. आभाळ दोघांचे एकच असते.

आता १८७६ सालाकडे वळू. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाळ्याचा उत्तरार्ध कोरडा गेला. खरीप हातची गेली आणि जमिनीत ओल नसल्याने रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणी झालीच नाही. पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा, विजापूर हे जिल्हे होरपळले. १८७८ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर व हैदराबाद मिळून लक्षावधी माणसे भुकेने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगराईने मेली. हे सर्वांस ठाऊक असते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. त्या काळी पुण्याहून सोलापूरकडे रेल्वे धावू लागून दीड दशक उलटले होते. धान्य आणता येत होते आणि ते आलेही. परंतु ज्याचे शेत पेरले गेले नाही, त्या शेतकऱ्याने मजूर लावला नाही. ज्या मजुराला काम मिळाले नाही, त्याच्या हाती पैसा आला नाही. आणि पैसा नसलेल्या माणसाला स्टेशनावर उतरलेल्या पोत्यांचा काही उपयोग नव्हता. हिंदुस्थानातून इंग्लंडकडे धान्याची निर्यातही त्या वर्षांत चालूच राहिली, कारण धान्य गरजेकडे जात नाही, किमतीकडे जाते.

गावातील सुतार, चांभार, विणकर यांची स्थितीही हीच. शेतकऱ्याने औत दुरुस्त केले नाही, नवे लुगडे घेतले नाही, की त्यांची चूल बंद पडते. त्यांच्या शेतात काहीच बुडालेले नसते, कारण त्यांना शेतच नसते. म्हणून दुष्काळाचा पहिला घाव सर्वांत मोठ्या जमीनदारावर पडत नाही आणि मध्यम शेतकऱ्यावरही पडत नाही. तो रोजंदारीवर जगणाऱ्यावर पडतो. १८८० मध्ये स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने हे तत्त्व मान्य केले आणि त्यातून पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच अधिक शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. तेथे तांदळाचा भाव भडकला, मजुरी त्या मानाने वाढली नाही, आणि सुमारे तीस लक्ष माणसे मेली. धान्य होते की नव्हते एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ते कोणाच्या आवाक्यात होते, हे विचारावे लागते.

शेतकऱ्याची ऐपत आधीच का खचली होती, याचेही कारण याच भागात सापडते. १२ मे १८७५ रोजी, म्हणजे दुष्काळापूर्वी एक वर्ष, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते ताब्यात घेऊन जाळली. तेथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सारा रोखीने भरावयाचा, भाव घसरलेले, सावकाराचे व्याज चढलेले. अशा अवस्थेत शेतकऱ्याच्या पेवात दुसऱ्या वर्षाचे धान्य कोठून असणार? जुन्या काळी एक वर्ष बुडाले तर पेव माणसास तारीत असे. पेव रिकामे असताना अवर्षण आले, म्हणून ते इतके संहारक ठरले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, पण तोपर्यंत दुष्काळ होऊन गेला होता.

सरकारने दुष्काळी कामे काढली होती. रस्ते, तलाव, कालवे यांवर हजारो माणसे राबली. परंतु १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आले आणि खर्च आवरण्याच्या धोरणाने मजुरी उतरवण्यात आली. प्रौढ माणसास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अल्पशी रोकड. एक पौंड म्हणजे आजच्या हिशेबाने अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर माती वाहणाऱ्याचे त्यावर कसे भागावे? त्यातच गावाजवळची कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास सांगण्यात आले. तेव्हा हजारो मजुरांनी छावण्या सोडल्या. अन्नावाचून असलेल्या माणसांनी काम सोडावे, याचा अर्थ त्या कामात त्यांचा जीव वाचत नव्हता. गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० मध्ये स्थापिलेल्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने पाठविली आणि मजुरांची बाजू मांडली. आकडे गोळा करणे हे लोकसेवेचे काम आहे, हा धडा त्या सभेने घालून दिला. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो विसरू नये.

याच काळात सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी गावोगावी मदतीची कामे केली. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाची तीव्रता आणि मदतीसाठी झालेली धडपड यांचे वर्णन आहे. जोतीरावांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे काही भाग ज्या गावी वाचून दाखविले, त्यांत हडपसरचाही समावेश होता. त्या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा आहे हे सर्वश्रुत आहे. पण शेतीखात्यात काम करणाऱ्यास त्याचा शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा वाटावा. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती आणि पाणी अडविण्यासाठी जागोजाग बांध घालावेत, पाणी शेतात मुरूनच मग ओढ्यास जावे, आणि या कामी रिकाम्या असलेल्या लष्करी व पोलिसी शिपायांची मदत घ्यावी, अशी सूचना त्यांनी केली आहे. आज आपण ज्यास मृद्संधारण म्हणतो, त्याची ही स्पष्ट मागणी होती, आणि ती ऐकणारे पहिले श्रोते ज्या गावांत बसले होते त्यांतील एक गाव हे आपले हडपसर होय.

ही मागणी शास्त्राच्या वाटेने पुढे नेण्यास मात्र चाळीस वर्षे लागली. हडपसरच्या शेजारी मांजरी येथे १९२३ मध्ये श्री. ताम्हणे यांनी जिराईत शेतीच्या पद्धतशीर संशोधनास आरंभ केला. भरपूर पाण्याच्या मळ्यांनी वेढलेल्या मांजरीत कोरडवाहू शेतीचा अभ्यास सुरू व्हावा, हा योगायोग मला नेहमीच मौजेचा वाटतो. पुढे श्री. कानिटकर यांनी तो सोलापूर येथे वाढविला आणि १९३३ नंतर सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी, रोहतक या केंद्रांतून त्यास देशव्यापी रूप आले. त्यातून जी ‘मुंबई जिराईत शेती पद्धती’ सिद्ध झाली, तिचे सार साधे होते. बांध घालून पाणी शेतात मुरवावे, दरवर्षी नव्हे पण काही वर्षांनी खोल नांगरट करावी, शेणखत घालावे, पेरणी पातळ व रुंद अंतराने करावी आणि वारंवार कोळपावे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळीतील बांधबंदिस्ती गावाच्या गाव हाती घेऊन करण्याची सोय झाली.

आता १९७२. सलग तीन वर्षे पावसाने पाठ फिरविली होती आणि तिसरे वर्ष सर्वांत वाईट होते. धान्योत्पादनातील तूट पाहिली तर १८७६ ची पुनरावृत्ती होणे अशक्य नव्हते. ती झाली नाही. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. इतक्या माणसांच्या हाती आठवड्याचा पगार पडू लागला, म्हणून बाजारातील धान्य त्यांना घेता आले. रेशनवर आलेला परदेशी तांबडा मिलो आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी वृद्ध मंडळी अजूनही सांगतात, आणि मिलोच्या भाकरीस ते फारसे गुण देत नाहीत. गुरे मात्र मोठ्या संख्येने गेली. माणसे जगली.

या यशामागे एक दीर्घ विचार होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये एक प्रयोग सुरू केला होता. जो काम मागेल त्यास काम द्यावयाचे. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी शासनाने पत्करली. नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन त्याचा निधी उभारण्यात आला. म्हणजे शहरातील पगारदार माणूस खेड्यातील मजुराच्या हमीचा वाटेकरी झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

परंतु १९७२ ची एक उणीव सांगितली पाहिजे, कारण ती पुन्हा पुन्हा घडते. घाईत काम काढावयाचे तर खडी फोडणे सर्वांत सोपे. ना आराखडा लागतो, ना जागेची निवड. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडले आणि पाऊस आल्यावर तेथेच पडून राहिले. मजुरी मिळाली, तेवढा हेतू साधला. पण पुढच्या अवर्षणास तोंड देण्याची गावाची शक्ती त्याने वाढली नाही. ज्या गावांत त्याच मजुरीतून पाझर तलाव, नालाबंडिंग किंवा बांधबंदिस्ती झाली, त्या गावांच्या विहिरींना पुढील वर्षांत पाणी वाढले. एकाच पैशातून दोन निराळी फळे आली. फरक एवढाच होता की एका गावाचा आराखडा आधीपासून तयार होता.

विलासराव साळुंखे या अभियंत्यांनी हे दृश्य पुरंदरात पाहिले आणि नायगाव येथे देवस्थानाची सुमारे सोळा हेक्टर पडीक जमीन घेऊन पाणलोटाचा प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही विचार करावयास लावतात. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरावयाचा. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनासही पाण्याचा हक्क. उसाला पाणी नाही. हा शेवटचा नियम ऐकून अनेक बागाईतदार नाराज होतात. पण ज्या पठारावर पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात, तेथे ऊस लावणे हे अवर्षणाला आमंत्रण देणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. कालव्याखालचा शेतकरी आणि कालव्यावरचा शेतकरी यांना एकच सल्ला देता येत नाही.

येथे माझी स्वतःची एक चूक नमूद करतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका जिराईत गावाचा अहवाल माझ्याकडून गेला. तालुक्याचा पाऊस सरासरीच्या जवळ होता, म्हणून मी ‘स्थिती समाधानकारक’ असे लिहिले. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक पाऊस चार दिवसांत कोसळून ओढ्याने वाहून गेला होता आणि त्यापुढे पाच-सहा आठवडे आभाळ कोरडे होते. पुढच्या भेटीत गावातील एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “साहेब, तुमचं मापाचं भांडं भरलं असंल, पण माझी दोन्ही पोरं कामाला भोसरीला गेली, ती कोणत्या भांड्यात मोजली?” मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी पावसाच्या आकड्याबरोबर आणखी काही गोष्टी विचारू लागलो.

त्या गोष्टी कार्यकर्त्यांनीही विचाराव्यात. आठवडे बाजारात गुरे विकावयास कोण आणीत आहे, आणि भाव एकाएकी उतरला आहे काय? दुभती म्हैस विकली जाणे ही धोक्याची सूचना आहे, कारण ती शेवटी विकतात. कडब्याची पेंढी काय भावाने जाते? मजुरीचा दर उतरला आहे काय, किंवा रोज तोच राहून कामाचे दिवस घटले आहेत काय? शाळेच्या पटावरील किती मुले आईबापांबरोबर परगावी गेली? बायकांची डोकी हलकी झाली, म्हणजे अंगावरचे सोने गहाण पडले, हे गावात सर्वांना माहीत असते. विचारणाऱ्याने विश्वास मिळविला असेल तर ते त्यास कळते. या खुणा पैसेवारी जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी दिसतात. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यातील खंड, जमिनीतील ओल, पिकांची हिरवाई असे निकष आणले, हे योग्यच झाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आपल्या जिल्ह्यातील बारामती, पुरंदर, शिरूर, दौंड आणि इंदापूर हे तालुके होते. परंतु कोणताही उपग्रह गहाण पडलेल्या पाटल्या मोजीत नाही.

गावाचा कामांचा आराखडा चांगल्या पावसाच्या वर्षी तयार करावा. कोणत्या नाल्यावर कोठे बांध, कोणत्या गटाची बांधबंदिस्ती ढासळली आहे, कोणत्या तलावात किती गाळ आहे, हे नकाशावर खुणा करून ग्रामसभेपुढे ठेवावे. टंचाईच्या वर्षी नकाशा करावयास वेळ नसतो आणि मग खडी फोडली जाते. कामाची मागणी नेहमी लेखी करावी आणि तारखेची पोच घ्यावी. हमीचे सर्व बळ त्या तारखेत असते. कायद्यांची नावे, दिवस व तरतुदी वेळोवेळी बदलत आल्या आहेत. म्हणून चालू नियम तालुक्याच्या कार्यालयातून समजावून घेऊन ते ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावेत. काम गावापासून लांब काढले तर वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या माता त्यास मुकतात, हे १८७७ मध्ये दिसले होते.

शेतकरी बंधुभगिनींसाठी रब्बी ज्वारीविषयी थोडे सांगतो, कारण या भागात अवर्षणाच्या वर्षी माणसास भाकरी आणि गुरास कडबा देणारे तेच पीक आहे. पावसाळ्यात जमीन उघडी सोडू नये. उतारास आडवे सारे पाडून लहान लहान कप्पे करावेत, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस जेथे पडेल तेथेच मुरेल. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या दरम्यान, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून करावी. हेक्टरी दहा किलो बियाणे पुरे; दाट पेरून ओल वाटली गेली तर कणीस कोणासच येत नाही. काणी रोगासाठी किलोभर बियाण्यास चार ग्रॅम गंधक चोळावे. हा खर्च नगण्य आहे आणि तो टाळणारे शेतकरी पुढे हळहळताना मी पाहिले आहेत. मध्यम ते भारी जमिनीत मोहोळच्या मालदांडी ३५-१ या वाणाने पिढ्यानपिढ्या साथ दिली आहे; हलक्या जमिनीसाठी लवकर येणारा वाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे निवडावा.

पेरणीनंतर मुख्य काम कोळपणीचे. काळ्या जमिनीस भेगा पडल्या की खालची ओल त्या वाटेने उडून जाते. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने करावी, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने, आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तिसरी कोळपणी पुष्कळजण सोडून देतात, कारण तोवर तण उरलेले नसते. ती तणासाठी नसून भेगा बुजविण्यासाठी आहे. ज्यांच्याकडे दातेरी कोळपे नसेल त्यांनी गावात दोघा-तिघांत मिळून एक करवून घ्यावे आणि आठव्या आठवड्याच्या आत ते शेतावर पोहोचेल अशी पाळी आधीच ठरवून ठेवावी.